आर्केड खेळांत मोठा स्कोअर कसा करावा : आधी गुणांचा हिशेब, मग हाताचा वेग

पॅक-मॅन या आर्केड खेळात, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरील खेळात, चार भुते चुकवत चक्रव्यूहातील ठिपके खायचे असतात. त्याच्या एका लेव्हलमध्ये २४० लहान आणि ४ मोठे ठिपके असतात. लहान ठिपक्याला १० आणि मोठ्याला ५० गुण मिळत असल्यामुळे सगळा चक्रव्यूह साफ केला तरी हाती येतात अवघे २,६०० गुण. याउलट एक मोठा ठिपका खाल्ल्यावर भुते थोडा वेळ निळी पडतात, तेव्हा ती चारही एकामागून एक पकडली, तर अनुक्रमे २००, ४००, ८०० आणि १,६०० असे एकूण ३,००० गुण मिळतात, आणि मोठे ठिपके चार असल्याने एका लेव्हलमधील भुतांचे मोल १२,००० गुणांपर्यंत जाते. बहुतेक नवे खेळाडू मोठा ठिपका जीव वाचवण्यासाठी खातात, भुते दूर पळाली म्हणून सुटकेचा श्वास सोडतात आणि पुन्हा लहान ठिपक्यांकडे वळतात. ते लेव्हल पार करतात, पण त्या लेव्हलमधील बहुतांश गुण तिथेच सोडून पुढे जातात.

जुन्या आर्केड खेळांत जास्त वेळ टिकणे आणि जास्त गुण मिळवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे ज्याने ओळखले त्याचा स्कोअर फारशा सरावाशिवायही वाढतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून कोणताही खेळ हाती घेतला की पहिले काम जॉयस्टिक पकडण्याचे नसते. तो खेळ कशाला किती गुण देतो, अतिरिक्त जीव किती गुणांवर देतो आणि एकाच कृतीचे मोल कोणत्या परिस्थितीत वाढते, हे एका कागदावर लिहून काढण्याचे असते. यातील बरीचशी माहिती यंत्र स्वतःच सांगते. नाणे टाकण्यापूर्वी स्क्रीनवर जे प्रात्यक्षिक सतत फिरत असते, त्यात पुष्कळदा गुणतक्ता दाखवलेला असतो आणि तो न वाचताच बहुतेक जण खेळायला सुरुवात करतात.

गुणतक्ता वाचताना एक प्रश्न सतत विचारावा : इथे मोल वाढत जाणारी साखळी कुठे आहे? पॅक-मॅनमधील भुते ही अशीच साखळी आहे. १९८२ च्या रोबोट्रॉन : २०८४ मध्ये एका फेरीत वाचवलेल्या पहिल्या माणसाला १,०००, दुसऱ्याला २,००० असे वाढत जाऊन पाचव्यापासून प्रत्येकी ५,००० गुण मिळतात आणि जीव गेला की ही साखळी पुन्हा १,००० वर येते. त्याच वर्षीच्या डिग डगमध्ये एका दगडाखाली एक शत्रू चिरडला तर १,०००, दोन चिरडले तर २,५००, तीन चिरडले तर ४,००० आणि चार चिरडले तर ६,००० गुण मिळतात. साखळी असलेल्या खेळात घाई हा सर्वांत महागडा दोष ठरतो, कारण एकटा शत्रू समोर आला म्हणून त्याला लगेच मारणारा खेळाडू पुढच्या तीन शत्रूंचे वाढीव मोल गमावतो. थांबणे, शत्रूंना एकत्र येऊ देणे आणि मगच हात चालवणे, ही सवय या सर्व खेळांत उपयोगी पडते.

पॅक-मॅन : आखलेला मार्ग आणि भुतांचे स्वभाव

तोरू इवातानी यांनी नामको कंपनीसाठी तयार केलेला हा खेळ १९८० साली आला, आणि स्कोअर वाढवण्याचे शास्त्र शिकण्यासाठी आजही याच्याइतका चांगला खेळ मला दुसरा दिसत नाही. याचे कारण असे की मूळ यंत्रावर तो पूर्णपणे नियमबद्ध चालतो : तुम्ही प्रत्येक वेळी नेमकी तीच वळणे, त्याच क्षणी घेतलीत, तर भुतेही नेमकी तशीच वागतात. निळी पडल्यावर ती जी वेडीवाकडी वळणे घेतात, तीसुद्धा प्रत्येक लेव्हलच्या आरंभी पुन्हा पहिल्यापासून त्याच क्रमाने येतात. म्हणून एखादा मार्ग एकदा सिद्ध झाला की तो पाठ करता येतो. मार्ग पाठ करून खेळणे म्हणजे फसवणूक, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही, कारण पाठ केलेला मार्ग शेकडो वळणांत एकदाही न चुकता वठवणे यालाच मोठा संयम लागतो.

तरीही मार्ग पाठ करण्याआधी भुतांचे स्वभाव समजून घ्यावेत, कारण एखादे वळण क्षणभर उशिरा घेतले गेले की मार्ग मोडतो आणि मग स्वभावाचे ज्ञानच कामी येते. लाल भूत, म्हणजे ब्लिंकी, थेट तुम्ही असाल त्या चौकटीवर नेम धरतो. गुलाबी पिंकी तुमच्या तोंडापुढे चार चौकटींवरच्या जागेवर नेम धरतो, आणि म्हणूनच तो जवळ आला असता त्याच्याच दिशेने तोंड करून चालत गेल्यास त्याचे लक्ष्य त्याच्या पाठीमागे जाऊन पडते व पुढच्या वळणावर तो पुष्कळदा बाजूला होतो. हे करायला पहिल्यांदा धीर होत नाही, पण दोन-चार वेळा अनुभव घेतला की ते भरवशाचे हत्यार बनते. निळसर इंकीचे लक्ष्य तुमच्या आणि ब्लिंकीच्या स्थानावरून मिळून ठरते, त्यामुळे ब्लिंकी जवळ असताना इंकीही घातक होतो आणि ब्लिंकी लांब असताना तो भरकटल्यासारखा वाटतो. नारिंगी क्लाइड लांब असेपर्यंत पाठलाग करतो आणि आठ चौकटींच्या आत येताच डावीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे वळतो, म्हणजे त्या कोपऱ्याच्या वाटेत तुम्ही नसाल तर तो चौघांत सर्वांत निरुपद्रवी असतो.

भुते सतत पाठलाग करत नाहीत. पहिल्या लेव्हलमध्ये ती सुरुवातीचे ७ सेकंद आपापल्या कोपऱ्याकडे जातात, नंतर २० सेकंद पाठलाग करतात आणि हे चक्र काही वेळा फिरल्यानंतर शेवटी अखंड पाठलाग सुरू होतो. हा बदल होताना सगळी भुते एकाच वेळी उलटी फिरतात, आणि ही उलट फिरण्याची क्रिया म्हणजे खेळाने तुम्हाला दिलेली सूचनाच होय. गुणांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की भुते कोपऱ्यांत पांगलेली असताना मोठा ठिपका खाणे वाया जाते. पाठलाग सुरू असताना मोठ्या ठिपक्याजवळ उभे राहावे, भुते एकमेकांच्या मागे रांगेत लागेपर्यंत धीर धरावा आणि पहिले भूत अगदी जवळ आल्यावरच तो खावा. पहिल्या लेव्हलमध्ये भुते ६ सेकंद निळी राहतात, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात ४. पुढे हा वेळ साधारणपणे घटत जातो आणि एकोणिसाव्या लेव्हलपासून ती निळी होतच नाहीत. भुतांपासून मिळणारी कमाई सुरुवातीच्या लेव्हलमध्येच करून घ्यावी लागते ती यासाठीच.

वेगाचे गणितही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ठिपके खाताना पॅक-मॅनचा वेग कमी होतो. पहिल्या लेव्हलमध्ये रिकाम्या वाटेवर तो भुतांपेक्षा वेगवान असतो आणि ठिपक्यांच्या वाटेवर त्यांच्यापेक्षा संथ; म्हणून भूत मागे लागले असता आधीच साफ केलेल्या वाटेने पळावे. दोन्ही बाजूंच्या बोगद्यांत भुतांचा वेग बराच घटतो, पण तुमचा घटत नाही. वळणावर पोहोचण्याच्या थोडे आधीच जॉयस्टिक पुढच्या दिशेला दाबून ठेवली तर पॅक-मॅन कोपरा कापून वळतो आणि मागचे भूत तेवढे मागे पडते. एकविसाव्या लेव्हलपासून भुते तुमच्यापेक्षा कायम वेगवान असल्यामुळे तिथे सगळा डाव या कोपऱ्यांवरच टिकतो. भुतांच्या घराच्या लगेच वर असलेल्या दोन आणि पॅक-मॅन जिथून निघतो त्या भागातील दोन तिठ्यांवरून भुते सामान्य अवस्थेत वरच्या दिशेला वळू शकत नाहीत. सुटकेचे मार्ग शोधताना या चार जागा आधी पाहाव्यात. शेवटी अगदी थोडे ठिपके उरले की ब्लिंकीचा वेग वाढतो, तेव्हा उरलेले ठिपके विखुरलेले नसून एकाच भागात असतील अशी व्यवस्था आधीपासून करावी.

आता फळांविषयी. प्रत्येक लेव्हलमध्ये ७० आणि १७० ठिपके खाऊन झाल्यावर भुतांच्या घराखाली फळ येते आणि सुमारे ९ ते १० सेकंद राहते. पहिल्या लेव्हलमधील चेरीचे मोल केवळ १०० असल्यामुळे नवखा खेळाडू फळांकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि हीच सवय पुढे त्याला नडते. तेराव्या लेव्हलपासून फळाच्या जागी किल्ली येते, तिला ५,००० गुण असतात आणि ती दोनदा येते, म्हणजे लेव्हलमागे १०,००० गुण. या खेळाचा परिपूर्ण स्कोअर ३३,३३,३६० मानला जातो. २५६ व्या लेव्हलला स्क्रीनचा उजवा अर्धा भाग बिघडतो आणि खेळ तिथे थांबतो. त्यापूर्वीच्या २४३ लेव्हलमध्ये किल्ल्या मिळतात, म्हणजे एकट्या किल्ल्यांचेच २४,३०,००० गुण होतात. पाचव्या-सहाव्या लेव्हलपर्यंत पोहोचणाऱ्याने भुतांवर लक्ष द्यावे आणि तेराव्याच्या पुढे जाणाऱ्याने किल्ल्यांवर. गुण कुठे दडले आहेत याचे उत्तर तुम्ही किती पुढे जाता यावरही अवलंबून असते, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा खेळ क्वचितच सापडेल.

इथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. मिसेस पॅक-मॅन दिसायला याच खेळासारखी असली तरी तिच्यातील भुतांच्या वागण्यात अनिश्चितता घातलेली आहे, त्यामुळे पाठ केलेला मार्ग तिथे चालत नाही आणि भुते एकत्र कशी आणावीत, हेच शिकावे लागते. नवा खेळ हाती घेतल्यावर तो नियमबद्ध आहे की अनिश्चित, हे पहिल्याच दिवशी तपासावे. सुरुवातीचे दहा सेकंद तीन वेळा हुबेहूब सारखे खेळून पाहिले की उत्तर मिळते.

नेमबाजीचे खेळ : वाट पाहण्याची कला

तोमोहिरो निशिकादो यांच्या १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये ११ शत्रूंच्या ५ रांगा असतात. खालच्या दोन रांगांना १०, मधल्या दोन रांगांना २० आणि सर्वांत वरच्या रांगेला ३० गुण, म्हणजे ५५ शत्रू मारून ९९० गुण. वरून मधूनमधून जाणाऱ्या उडत्या तबकडीला मात्र ५० पासून ३०० पर्यंत गुण असतात, आणि ते नशिबावर अवलंबून असल्याचे भासले तरी तसे नसतात : तुमची ती कितवी गोळी आहे यावरून ते ठरतात. फेरी सुरू झाल्यापासून तेविसाव्या गोळीला आणि त्यानंतर प्रत्येक पंधराव्या गोळीला तबकडी पडली तर ३०० गुण मिळतात. म्हणून जाणते खेळाडू मनात गोळ्या मोजत खेळतात, तबकडी येण्याची वेळ झाली की बावीस किंवा चौदा गोळ्या पूर्ण करून थांबतात आणि पुढची गोळी फक्त तिच्यासाठी राखतात. एका फेरीत तीन तबकड्या अशा टिपल्या तर त्यांचे ९०० गुण होतात, म्हणजे जवळजवळ संपूर्ण सैन्याएवढे. आठपेक्षा कमी शत्रू उरले की तबकडी येणे बंद होते, तेव्हा शेवटचे शत्रू घाईने संपवू नयेत.

सैन्याचा वेग शत्रू कमी होत जातात तसा वाढतो, कारण त्या काळच्या प्रोसेसरला कमी आकृत्या हलवाव्या लागतात. रांगांऐवजी कडेचे उभे स्तंभ आधी संपवले तर सैन्याची रुंदी घटते, त्याला काठापर्यंत पोहोचायला अधिक अंतर कापावे लागते आणि ते खाली उतरायला जास्त वेळ घेते. जपानी खेळाडूंनी शोधलेली नागोया नावाची युक्ती याहून धाडसी आहे : शत्रूंची रांग तोफेच्या अगदी वर येऊन ठेपेपर्यंत थांबायचे, कारण त्या उंचीवरून सुटलेली त्यांची गोळी तोफेला लागत नाही, आणि मग जवळून एकामागून एक मारत सुटायचे. एक चूक झाली तर सैन्य तळाला पोहोचते व खेळ संपतो, म्हणून हा डाव पुरेसा सराव झाल्यावरच खेळावा.

१९८१ च्या गॅलागाचा प्रश्न वेगळा आहे. तिथे एका वेळी स्क्रीनवर तुमच्या दोनच गोळ्या असू शकतात, त्यामुळे चुकलेली गोळी वर जाईपर्यंत तुम्ही अर्धे निःशस्त्र असता. बटण सतत दाबणे सोडून नेम धरून मारण्याची शिस्त इथे लागते. पण गॅलागातील खरा निर्णय दुहेरी विमानाचा आहे. वरच्या रांगेतील प्रमुख शत्रू किरण टाकून तुमचे विमान पकडतो, आणि तो शत्रू सूर मारून खाली येत असताना त्याला पाडले की पकडलेले विमान परत येऊन तुमच्या शेजारी जोडले जाते. मग दोन विमाने एकत्र मारा करतात. यासाठी किमान एक जीव शिल्लक असावा. पकडले जाण्यापूर्वी त्या प्रमुखाला एक गोळी मारून ठेवावी, कारण त्याला मरायला दोन गोळ्या लागतात व नंतर सुटका करताना एकच गोळी पुरते. तो रांगेत स्थिर असताना मारला तर मात्र विमान सुटत नाही, आणि गडबडीत स्वतःचेच पकडलेले विमान पाडणारे खेळाडूही कमी नाहीत. दुहेरी विमान रुंद असल्याने गोळी लागण्याची शक्यताही वाढते, तरीही मी ते प्रत्येक डावात पहिल्या दोन स्टेजमध्येच मिळवण्याचा सल्ला देईन. त्याचे कारण तिसऱ्या स्टेजला येते : ही पहिली आव्हान-स्टेज असते, तीत शत्रू गोळ्या झाडत नाहीत आणि सर्व ४० शत्रू पाडल्यास १०,००० गुणांचा बोनस मिळतो. पुढे दर चौथी स्टेज अशी असते. शत्रूंच्या येण्याच्या वाटा ठरलेल्या असतात, तेव्हा त्या पाठ करून दुहेरी विमानाने योग्य जागी आधीच उभे राहणे, हा गॅलागातील सर्वांत सुरक्षित नफा आहे. प्रमुख शत्रूबाबतही वेळेला मोल आहे : रांगेत मारला तर १५०, एकटाच सूर मारताना ४००, आणि दोन साथीदारांसह खाली येताना त्याला मारले तर १,६००.

अ‍ॅस्टेरॉइड्समध्ये (१९७९) यानातून गोळ्या झाडून खडक फोडायचे आणि शत्रूच्या उडत्या तबकड्या पाडायच्या असतात; मोठ्या खडकाला २०, मध्यम खडकाला ५० आणि लहान खडकाला १०० गुण आहेत. एक मोठा खडक फोडून त्याचे सगळे तुकडे नष्ट केले तर ५२० गुण होतात, तर लहान तबकडी एकटीच १,००० गुण देते. शिवाय दर १०,००० गुणांना एक यान मिळते, म्हणजे दहा लहान तबकड्या पाडल्या की एक जीव वाढतो. यातूनच त्या काळच्या खेळाडूंनी टपून बसण्याचा डाव शोधला : शेवटचा एखादा लहान खडक फोडायचाच नाही, स्क्रीनच्या कडेजवळून यान फिरते ठेवायचे आणि तबकडी कडेतून आत शिरताच तिला टिपायचे. एका कडेतून बाहेर गेलेली गोळी समोरच्या कडेतून आत येते, म्हणून पलीकडे उगवलेली तबकडीसुद्धा कडेआडून पाडता येते. स्कॉट सॅफ्रन यांनी १९८२ मध्ये केलेला ४,१३,३६,४४० गुणांचा विक्रम २०१० पर्यंत अबाधित होता. जॉन मॅकअ‍ॅलिस्टर यांनी तो ४,१३,३८,७४० गुणांवर मोडला, म्हणजे चार कोटींच्या डावात फरक पडला २,३०० गुणांचा : दोन लहान तबकड्या आणि तीन लहान खडक.

शहरांवर येणारी क्षेपणास्त्रे आपल्या तळांवरून पाडण्याचा खेळ म्हणजे १९८० चा मिसाइल कमांड; त्याबद्दल इतकेच सांगतो की अकराव्या फेरीपासून सर्व गुण सहापट होतात, म्हणून पहिल्या दहा फेऱ्यांचे उद्दिष्ट शहरे राखून तिथवर पोहोचणे हेच असावे. तीन तळांपैकी मधल्या तळाची क्षेपणास्त्रे सर्वांत वेगाने जातात, ती शेवटच्या क्षणीच्या बचावासाठी राखावीत आणि लांबचा, सावकाश मारा कडेच्या तळांवरून करावा.

जीव हे भांडवल आहे

शिगेरू मियामोतो यांच्या डाँकी काँगमध्ये (१९८१) वरून गडगडत येणारी पिंपे चुकवत शिड्यांनी वर चढायचे असते; पिंपावरून उडी मारली की १०० गुण मिळतात आणि हातोड्याने पिंप फोडले की ३००, ५०० किंवा ८००. बोनसचा आकडा पहिल्या लेव्हलला ५,००० पासून सुरू होऊन घटत जातो, म्हणजे स्क्रीनवर रेंगाळणाऱ्याचे बोनसमधील गुण कमी होतात. इथे प्रत्येक क्षणी एक छोटा सौदा चाललेला असतो : आणखी थांबून हातोड्याने मिळणारे गुण जास्त, की लवकर वर पोहोचून वाचणारा बोनस जास्त? पिंपांच्या स्क्रीनवर हातोडे हाती असताना थांबणे फायद्याचे ठरते. पिंपांवर काही अंशी तुमचे नियंत्रणही असते, कारण पिंप शिडीच्या तोंडाशी येताना तुम्ही जॉयस्टिक त्याच्या दिशेने धरली असेल तर ते शिडीने खाली येण्याची शक्यता वाढते. तुमच्या वरच्या पातळीवरून निघालेले पिंप हव्या त्या शिडीने खाली ओढून त्यावर हातोडा चालवणे, हेच वरच्या दर्जाच्या खेळाडूंचे मुख्य काम असते.

या खेळाला शेवट आहे. बाविसाव्या लेव्हलला वेळ मोजण्याच्या आकडेमोडीत चूक होते : लेव्हलच्या क्रमांकात ४ मिळवून १० ने गुणले की २६० येतात, आठ बिटांत २५५ पर्यंतचीच संख्या मावते, म्हणून २५६ वजा होऊन ४ उरतात, त्यामुळे स्क्रीन पार करण्याइतका वेळच मिळत नाही. स्क्रीनची संख्या अशी मर्यादित असल्याने विक्रमी स्कोअर (आज ते १२ लाखांच्या पुढे आहेत) अधिक काळ टिकून होत नाहीत, तर प्रत्येक स्क्रीनमधून अधिक गुण काढून होतात. म्हणूनच शेवटाला पोहोचल्यावर शिल्लक राहिलेला जीव हे वाया गेलेले भांडवल ठरते, आणि अनुभवी खेळाडू एकविसाव्या लेव्हलमध्ये उरलेले जीव मुद्दाम खर्चून त्याच स्क्रीनवर पुन्हा गुण मिळवतात.

ज्या खेळाला शेवट नाही, तिथे हिशेब उलटा होतो. तिथे जीव साठवावेत, कारण जिवांचा साठा म्हणजे विश्रांतीचा वेळ. टिम मॅकव्हे यांनी जानेवारी १९८४ मध्ये आयोवातील ऑटम्वा येथे निब्लर या चक्रव्यूहात साप फिरवण्याच्या खेळात एक अब्ज गुण ओलांडले, तेव्हा ते चाळीसहून अधिक तास खेळत होते. अशा डावात यंत्रापासून काही मिनिटे दूर जाता येते ते साठवलेल्या जिवांच्या भरवशावर. तुम्ही नसताना काही जीव जातात आणि परत आल्यावर ते भरून काढावे लागतात. सामान्य खेळाडूने इतके ताणण्याची गरज नाही, तरी एक नियम घ्यावा : अतिरिक्त जीव मिळण्याच्या गुणसंख्येच्या अगदी जवळ असताना धोका टाळावा आणि तो जीव हाती आल्यानंतरच पुढचे धाडस करावे.

सराव आणि साधने

मूळ यंत्रांच्या आत अडचणीची पातळी, जिवांची संख्या आणि अतिरिक्त जिवाची गुणसंख्या ठरवणारे छोटे खटके असतात. दोन ठिकाणी खेळलेल्या त्याच खेळाची तुलना करण्याआधी ही सेटिंग सारखी आहे का, ते पाहावे. जॉयस्टिकचाही प्रश्न मोठा आहे. पॅक-मॅन आणि डाँकी काँग चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी बनवलेले आहेत. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर तिरका दाब पडला की वळण चुकते आणि खेळाडू स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. घट्ट मूठ आवळू नये. बोटांनी सैल धरावी आणि हालचाल मनगटातून करावी. मेमसारख्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्रांचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड सुरू ठेवावा, कारण चित्र दाखवण्यात होणारा थोडासा विलंबही पाठ केलेला मार्ग मोडायला पुरेसा असतो.

एम्युलेटरचा मोठा फायदा म्हणजे खेळ हव्या त्या क्षणी साठवून तिथूनच पुन्हा सुरू करता येतो. ज्या स्क्रीनवर वारंवार जीव जातो, ती साठवून ठेवावी आणि सलग वीस वेळा तेवढीच खेळावी; पूर्ण डाव खेळत राहिलात तर त्या अवघड जागेचा सराव दिवसाला दोन-तीनदाच होतो. मात्र ज्या डावाचा स्कोअर नोंदवायचा आहे, त्यात ही सोय कधीही वापरू नये.

प्रत्येक डावानंतर केवळ स्कोअर लिहून ठेवण्यापेक्षा जीव का गेला ते एका वाक्यात लिहावे. ‘नशीब फुटके’ असे लिहिण्यास स्वतःला मनाई करावी. मी हे नियमाने करू लागल्यावर पहिल्या पंधरवड्यातच लक्षात आले की माझे बहुतेक जीव अवघड जागी जात नव्हते. अवघड जागा पार केल्यानंतरच्या चार-पाच सेकंदांत, लक्ष सैल पडले असताना जात होते. तेव्हापासून कठीण टप्पा पार झाला की जॉयस्टिकवरील पकड एकदा जाणीवपूर्वक सैल करून पुन्हा धरायची आणि स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांवरून नजर फिरवायची, अशी सवय मी लावून घेतली. नजर सतत स्वतःच्या विमानावर किंवा पॅक-मॅनवर खिळवून ठेवणे हा नवख्यांचा सर्वांत मोठा दोष आहे. आपण कुठे आहोत हे हाताला कळत असते, डोळ्यांनी पुढे काय येते आहे ते पाहायचे असते.

एकाच बैठकीत पाच खेळ आलटून पालटून खेळू नयेत. एक खेळ निवडावा, त्याची गुणतालिका पाठ करावी आणि किमान काही आठवडे त्यालाच द्यावेत. सलग तीन डाव नेहमीच्या स्कोअरच्या अर्ध्यावरही गेले नाहीत, तर त्या दिवशी उठावे. थकलेल्या हाताने केलेला सराव चुकीच्या वेळेची सवय लावतो आणि ती मोडायला पुढे दुप्पट दिवस लागतात.

आणि स्कोअर झाला की यंत्र बंद होण्यापूर्वी स्क्रीनचे छायाचित्र घ्यावे, शक्य असल्यास संपूर्ण डावाचे चित्रीकरणच करावे. पॅक-मॅन, गॅलागा आणि डाँकी काँगची मूळ यंत्रे वीज गेली की सर्वोच्च स्कोअर विसरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पुन्हा कारखान्यातून आलेला आकडाच दिसतो.